लाइट गेली-आली की लिनक्स सर्व्हर नेटवर्कवर येत नाही, आणि बंद करताना अडकतो. बूट आणि शटडाउनला लॅन कार्डं नीट कशी सांभाळायची?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे, तिथे डेबियन १२ या लिनक्सवर चालणारा सर्व्हर. त्यात दोन लॅन कार्डं: एक ऑफिसच्या स्विचला, राऊटरकडून डीएचसीपीने (आपोआप पत्ता वाटण्याची पद्धत) पत्ता घेणारं, दुसरं सीएनसी मशीनच्या वेगळ्या स्विचला. ड्रॉइंगच्या फाइली एनएएसवर (नेटवर्कवरचा फाइली साठवणारा डबा) आहेत आणि एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडण्याची पद्धत) सर्व्हरला जोडल्या आहेत. वळवाच्या दिवसांत लाइट गेली-आली की सर्व्हर चालू होतो, पण ऑफिसमधून दिसत नाही. कुणीतरी आत जाऊन आयएफअप (कार्ड चालू करण्याची कमांड) मारावं लागतं. बंद करताना दीड मिनिट तसाच बसून राहतो. उपाय म्हणून तुम्ही आरसी.लोकल (बूटच्या शेवटी चालणारी स्क्रिप्ट) मध्ये 'स्लीप ६०' आणि त्याखाली आयएफअप लिहिलंय, पण ते कधी चालतं, कधी नाही.

खाली कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना इंग्रजीत, आणि लहान-मोठी अक्षरं त्या-त्या फाइलीत आधी जशी आहेत तशीच ठेवा.

पहिल्यांदा ती स्लीपची ओळ काढा. स्लीपला फक्त वेळ कळते. केबलमध्ये जीव आलाय का, राऊटर उठलाय का, हे तिला कळत नाही. शिवाय साठ सेकंदांनी तुमचा आयएफअप सुरू होतो तेव्हा बूटच्या वेळचा पहिला आयएफअप कधीकधी अजून डीएचसीपीची वाट बघत असतो, आणि त्याने त्या कार्डाचं कुलूप धरून ठेवलेलं असतं. दुसरा मग त्या कुलुपासाठी थांबतो. 'कधी चालतं, कधी नाही' त्याचं एक कारण हे असू शकतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आरसी.लोकल ला चालू करण्याची बाजू आहे, बंद करण्याची नाही. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम, ज्या क्रमाने सेवा चालू करतो, त्याच्या बरोबर उलट क्रमाने त्या बंद करतो. म्हणजे बूटचा क्रम नीट सांगितला की शटडाउनचा क्रम त्याच ओळीतून मिळतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं: क्रम कुठे लिहिलेलाच नाही.

काहीही बदलण्याआधी लॉग बघा. 'जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्किंग' दिलंत की या बूटमध्ये नेटवर्किंग सेवेने काय केलं ते दिसेल. 'आयपी लिंक' च्या आउटपुटमध्ये कार्डाच्या ओळीवर 'नो-कॅरिअर' असेल तर समोरचा स्विच बंद आहे किंवा केबल सुटली आहे. 'लोअर_अप' असेल तर तार जिवंत आहे आणि अडचण पत्त्याची आहे. या दोन शब्दांनी अर्धं निदान होतं.

आता लाइट आल्यावर नेमकं काय घडतं ते बघू. सगळं एकाच क्षणी चालू होतं. सर्व्हर मिनिटाच्या आत नेटवर्किंग सेवेपर्यंत पोचतो. फायबरचा डबा आणि राऊटर यांना त्याहून जास्त वेळ लागतो. स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) असेल आणि त्यात स्पॅनिंग ट्री (तारांचं वेटोळं टाळण्याची सोय) चालू असेल, तर केबल जिवंत दिसू लागल्यावरही पोर्ट आणखी ३० सेकंद डेटा सोडत नाही: १५ सेकंद ऐकण्याचे, १५ शिकण्याचे. या काळात डीएचसीपीची मागणी हवेत जाते. कार्डांची मांडणी जिथे लिहितात त्या इंटरफेसेस फाइलीत त्या कार्डाला 'ऑटो' लावलेलं असेल तर डेबियनची नेटवर्किंग सेवा त्याच्यासाठी जास्तीत जास्त पाच मिनिटं थांबते. मुदत संपली की सेवा फेल होते आणि तिच्या आत चालू असलेला डीएचसीपी क्लायंटही मारला जातो. मग राऊटर आला तरी पत्ता मागायला कुणी उरत नाही. म्हणूनच कुणीतरी आत जाऊन हाताने आयएफअप मारेपर्यंत सर्व्हर मुका राहतो.

यावर माझं ठाम मत: सर्व्हरला डीएचसीपी नकोच. राऊटरमध्ये मॅक पत्त्यावर (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आयपी राखून ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण राऊटरच उशिरा उठत असेल तर त्या राखीव पत्त्याचा काय उपयोग? पत्ता सर्व्हरच्या फाइलीतच लिहा. /इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस अशी दिसेल:

ऑटो लो
आयफेस लो आयनेट लूपबॅक

ऑटो ईएनपी३एस०
आयफेस ईएनपी३एस० आयनेट स्टॅटिक
    ॲड्रेस १९२.१६८.१०.५/२४
    गेटवे १९२.१६८.१०.१

ऑटो ईएनपी४एस०
आयफेस ईएनपी४एस० आयनेट स्टॅटिक
    ॲड्रेस १९२.१६८.२०.५/२४

कार्डांची नावं तुमच्या सर्व्हरवर 'आयपी लिंक' दाखवेल ती घाला, आकडे तुमच्या नेटवर्कचे. दिलेला पत्ता राऊटरच्या डीएचसीपी पट्ट्याबाहेरचा असू द्या. राऊटर शेवटचा आकडा १०० ते २०० असलेले पत्ते वाटत असेल तर ५ चालेल, १५० नाही. नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलला तोच पत्ता जाईल. आयएफअपडाउन, म्हणजे ही फाइल वाचून कार्डं चालू-बंद करणारं डेबियनचं पॅकेज, अशा पद्धतीने चालतं की समोरचा स्विच बंद असला तरी पत्ता कार्डावर बसतो. स्विच उठला, तारेत जीव आला, की सर्व्हर आपोआप दिसू लागतो. कुणालाही आत जावं लागत नाही.

या फाइलीत लोक ज्या जागी अडकतात त्या सांगतो. गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याचा दरवाजा, एकाच कार्डाला द्यायचा. दुसऱ्या कार्डालाही गेटवेची ओळ दिलीत तर दुसरा डिफॉल्ट रूट घालताना 'फाइल एक्झिस्ट्स' असा एरर येतो, ते कार्ड फेल धरलं जातं आणि त्याबरोबर अख्खी नेटवर्किंग सेवा लाल दिसते. सीएनसीच्या नेटवर्कला बाहेर जायचंच नाही, त्यामुळे तिथे गेटवे नको. त्या बाजूला आणखी एखादं उपनेटवर्क असेल तर त्यापुरता रूट 'अप' च्या ओळीत द्या आणि तोच काढणारी 'डाउन' ची ओळ त्याखाली. डाउनच्या ओळीच्या शेवटी '|| ट्रू' जोडा, कारण या ओळींतली एक कमांड जरी चुकीचा निकाल घेऊन परतली तरी आयएफडाउन अर्ध्यावर थांबतं.

दुसरी अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची. डीएचसीपी होतं तोवर राऊटर डीएनएसही देत होता. स्टॅटिक केल्यावर तो येणार नाही. 'डीएनएस-नेमसर्व्हर्स' ही ओळ या फाइलीत लिहिली तरी रिझॉल्व्हकॉन्फ पॅकेज बसवलेलं नसेल तर ती कुणी वाचतच नाही, आणि एररही येत नाही. ते पॅकेज नसेल तर /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये सरळ 'नेमसर्व्हर १९२.१६८.१०.१' लिहा.

तिसरं, 'ऑटो' आणि 'अलाउ-हॉटप्लग'. डेबियनचा इन्स्टॉलर मुख्य कार्डाला बऱ्याचदा अलाउ-हॉटप्लग लावतो. ऑटो म्हणजे नेटवर्किंग सेवा 'आयएफअप -ए' चालवते तेव्हा हे कार्ड वर घे, आणि ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. हॉटप्लग म्हणजे कर्नलला कार्ड सापडलं की युडेव्हकडून (हार्डवेअर सापडल्याची दखल घेणारी सेवा) वर घे. बाकीचं बूट त्यासाठी थांबेलच असं नाही. काढता-घालता येणाऱ्या यूएसबी कार्डाला हॉटप्लग ठीक आहे. सर्व्हरच्या बोर्डावरच्या कार्डाला ऑटोच हवं.

फाइल बदलण्याचा क्रमही आहे. कार्ड चालू असताना फाइल बदललीत आणि मग आयएफडाउन दिलंत, तर आयएफडाउन नवीन फाइल वाचून जुनी मांडणी मोडायला जातं. जुना पत्ता तसाच कार्डावर चिकटून राहतो. म्हणून आधी आयएफडाउन, मग बदल, मग आयएफअप. हे सर्व्हरसमोर बसूनच करा. दुसरं कार्ड चालू असेल तर त्या बाजूने एसएसएच (दुरून लॉगिन) करून करा. ज्या कार्डावरून आत आलात तेच पाडू नका. 'आयएफअप --नो-ॲक्ट' दिलंत तर काय-काय चालवणार ते फक्त छापून दाखवतं, प्रत्यक्षात काही करत नाही. आधी ते बघायची सवय चांगली.

स्वतःच्या स्क्रिप्ट ठेवायच्या असतील तर त्यासाठी चार फोल्डर आहेत: आयएफ-प्री-अप.डी, आयएफ-अप.डी, आयएफ-डाउन.डी आणि आयएफ-पोस्ट-डाउन.डी. स्क्रिप्टच्या नावात टिंब नको. 'रूट.एसएच' असं नाव दिलंत तर ती कधीच चालणार नाही, कारण त्या चालवणारा रन-पार्ट्स फक्त अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोअर असलेली नावंच उचलतो. नाव 'रूट' एवढंच ठेवा, आणि फाइल चालवण्याची परवानगी द्या. कोणतं कार्ड आहे ते स्क्रिप्टला 'आयफेस' या नावाच्या व्हेरिएबलमधून मिळतं. ते न तपासता लिहिलेली स्क्रिप्ट प्रत्येक कार्डासाठी, लूपबॅकसाठीसुद्धा, पुन्हा-पुन्हा चालते.

एवढ्यावर कार्डांचं काम झालं. आता त्यांच्यावर अवलंबून असलेल्या सेवा.

सिस्टमडीमध्ये नेटवर्कची दोन टार्गेट (बूटमधले टप्पे) आहेत, आणि बहुतेक घोळ त्यांच्यातला फरक न कळल्याने होतो. 'नेटवर्क.टार्गेट' म्हणजे नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली आहे, एवढंच. पत्ता मिळाला आहे अशी हमी त्यात नाही. तरीही 'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट' लिहायचं, कारण त्याचा खरा उपयोग बंद होताना आहे: ती सेवा नेटवर्कच्या नंतर चालू झाली, म्हणजे नेटवर्क पाडण्याच्या आधी बंद होणार. तिला आपली कनेक्शन नीट मिटवायला, उरलेलं लिहून टाकायला अवधी मिळतो. 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' मात्र खरोखर पत्ता येईपर्यंत थांबवतं. पण ते कुणी मागितल्याशिवाय चालूच होत नाही. म्हणून ज्या सेवेला पत्ता हवाच, तिच्यासाठी 'सिस्टमसीटीएल एडिट' करून दोन्ही ओळी द्या:

[यूनिट]
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

नुसत्या आफ्टरने टार्गेट बोलावलं जात नाही. नुसत्या वॉन्ट्सने बोलावलं जातं, पण क्रम ठरत नाही. आणि हे सगळ्या सेवांना सरसकट लावू नका. नाहीतर एका बंद स्विचपायी अख्खं बूट ताटकळेल.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर हे नक्की तपासा. त्यात 'लिसन_ॲड्रेसेस' (कोणत्या पत्त्यांवर जोडणी घ्यायची ती यादी) मध्ये लोकलहोस्ट (सर्व्हर स्वतः) आणि सर्व्हरचा आयपी असे दोन्ही दिलेले असतील, आणि सेवा चालू होताना तो आयपी कार्डावर नसेल, तर पोस्टग्रेस लॉगमध्ये इशारा लिहून फक्त लोकलहोस्टवर सुरू होतो. स्टेटस हिरवं दिसतं, सर्व्हरवर बसून बघितलं तर सगळं चालतं, पण ऑफिसमधल्या एकाही संगणकावरून जोडणी होत नाही. हा दोष शोधायला फार वेळ जातो, कारण काहीच बिघडलेलं दिसत नाही. वरच्या दोन ओळी त्यावर पुरेशा आहेत. नाहीतर लिसन_ॲड्रेसेस मध्ये तारा-चिन्ह (*) देऊन कुणाला आत घ्यायचं ते पीजी_एचबीए.कॉन्फ (पोस्टग्रेसच्या प्रवेशाचे नियम) आणि फायरवॉलवर सोडा. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, त्यात वेळेचा प्रश्नच उरत नाही. एनएफटेबल्स या फायरवॉलची सेवा 'नेटवर्क-प्री.टार्गेट' च्या आधी चालते, म्हणजे कार्ड वर येण्याआधी फायरवॉल बसलेली असते. फायरवॉलचे नियम आरसी.लोकल मध्ये ठेवले असतील तर तेही तिथून हलवा.

आता एनएएस. ती जोडणी स्क्रिप्टमधून न करता एफएसटॅबमध्ये (डिस्क आणि फोल्डरांच्या जोडण्यांची फाइल) लिहा:

१९२.१६८.१०.२०:/ड्रॉइंग /एमएनटी/ड्रॉइंग एनएफएस _नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट ० ०

एनएफएस हा नेटवर्कचा प्रकार आहे हे सिस्टमडी नावावरून ओळखतो, तरी '_नेटडेव्ह' असू द्या. पुढे कधी आयस्कझीची (नेटवर्कवरून जोडलेली) डिस्क लावलीत तर तिथे तो सक्तीचा आहे, कारण तिच्यावरची एक्स्ट४ फाइलसिस्टम नेटवर्कची आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. 'नोफेल' मुळे एनएएस नसला तरी बूट अडत नाही. ऑटोमाउंटमुळे जोडणी बूटच्या वेळी न होता त्या फोल्डरला पहिल्यांदा कुणी हात लावेल तेव्हा होते, आणि तोवर स्विच, एनएएस सगळे उठलेले असतात.

त्या फोल्डरवर काम करणारी तुमची एखादी सेवा असेल, समजा सीएनसीला प्रोग्रॅम पाठवणारी, तर तिच्या यूनिटमध्ये (सिस्टमडीसाठीची त्या सेवेची फाइल) 'रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/ड्रॉइंग' द्या. ही ओळ नसली की शटडाउनला सिस्टमडी आधी फोल्डर सोडवायला जातो, सेवा अजून त्यात लिहित असते, फोल्डर 'बिझी' म्हणतं आणि अडकतं.

तुमचं ते दीड मिनिट म्हणजे सिस्टमडीची ठरलेली ९० सेकंदांची मुदत. एनएएसकडून उत्तर येत नसतं, आणि 'हार्ड' जोडणी उत्तराची वाट बघत राहते. 'सॉफ्ट' करून टाका असा सल्ला मिळेल. ड्रॉइंगसारख्या लिहिल्या जाणाऱ्या फाइलींसाठी तो मानू नका. सॉफ्टमध्ये वेळ संपली की लिहिणं अर्धवट सुटतं आणि फाइल खराब होऊ शकते. प्रश्न हा की एनएएस उत्तर का देत नाही? मला विचाराल तर तुमच्या यूपीएसच्या मागे जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी सर्व्हर यूपीएसवर असतो आणि स्विच भिंतीच्या प्लगवर. लाइट जाते, स्विच त्याच क्षणी मरतो, एनएएस असला तरी पोचता येत नाही, आणि बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर शटडाउन घेतो तेव्हा समोर कुणीच नसतं. सॉफ्टवेअरमध्ये क्रम कितीही नीट लिहा, स्विचला वीज नसेल तर तो क्रम कागदावरच राहतो. ऑफिसचा स्विच आणि एनएएस दोन्ही यूपीएसवर घ्या. स्विचला वीज फार कमी लागते. एनएएस स्वतःहून बंद होत असेल तर तो सर्व्हरच्या नंतर बंद होईल अशी वेळ ठेवा. नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरून यूपीएसचा निरोप नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला देत असाल तर तो निरोपही याच स्विचमधून जातो.

आणि बॅटरी पूर्ण संपून सर्व्हर झटक्यात बंद झाला तर डाउनची एकही ओळ चालत नाही. त्यामुळे ज्याच्यावर डेटाची सुरक्षितता अवलंबून आहे असं काहीही डाउन-स्क्रिप्टमध्ये ठेवू नका. आयएफअपडाउनची स्वतःची नोंद /रन मध्ये, म्हणजे मेमरीत असते; झटका बसला तरी पुढच्या बूटला ती कोरीच सुरू होते, त्याची चिंता नको.

कार्डं सांभाळणारा एकच ठेवा. डेस्कटॉपसकट डेबियन बसवला असेल तर नेटवर्कमॅनेजरही असेल. इंटरफेसेस फाइलीत ज्याचं नाव आहे त्या कार्डाला तो डेबियनवर हात लावत नाही. 'एनएमसीएलआय डिव्हाइस' मध्ये ते 'अनमॅनेज्ड' दिसायला हवं. उद्या उबंटू सर्व्हर घेतलात तर तिथे ही फाइल नाही, नेटप्लॅन आहे. तिथे सीएनसीच्या कार्डाला 'ऑप्शनल: ट्रू' द्या, नाहीतर मशीनकडचा स्विच बंद असेल त्या सकाळी बूट दोन मिनिटं थांबेल. उबंटू सर्व्हरवर मागे सिस्टमडी-नेटवर्कडी असतो, आणि तो केबल जिवंत नसेल तर स्टॅटिक पत्ताही बसवत नाही; 'कन्फिगरविदाउटकॅरिअर=येस' सांगावं लागतं. तिथे 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो जुनी मांडणी परत आणतो.

नव्या कार्डाबद्दल एक सूचना. बोर्डात दुसरं पीसीआय कार्ड घातलं की आधीच्या कार्डाचं नाव ईएनपी३एस० वरून ईएनपी४एस० असं सरकू शकतं, कारण त्या नावात बसचा क्रमांक असतो. मग इंटरफेसेस फाइल चुकीच्या कार्डाला पत्ता देते. हे टाळायला /इटीसी/सिस्टमडी/नेटवर्क/ मध्ये १०-ऑफिस.लिंक अशी फाइल करा: [मॅच] खाली 'मॅकॲड्रेस=' आणि कार्डावरचा पत्ता, [लिंक] खाली 'नेम=ऑफिस०'. दुसऱ्या कार्डाला तसंच 'मशीन०'. ईटीएच० हे नाव देऊ नका, कर्नल स्वतः तेच नाव वाटतो आणि दोघांची टक्कर होते. मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा, इंटरफेसेस फाइलीत नवी नावं घाला आणि रीबूट.

सगळं झाल्यावर शॉपला सुट्टी असलेल्या दिवशी तपासून बघा. ऑफिसचा स्विच बंद ठेवून सर्व्हर चालू करा. लॉगिनपर्यंत तो न थांबता यायला हवा. मग स्विच चालू करा आणि सर्व्हरला हात न लावता ऑफिसच्या संगणकावरून पिंग करा. पुढे ड्रॉइंगच्या फोल्डरमधली एक फाइल उघडी ठेवून शटडाउन द्या. परत चालू केल्यावर 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' ने मागच्या शटडाउनचा शेवट वाचा: आधी तुमची सेवा थांबलेली, मग /एमएनटी/ड्रॉइंग सुटलेलं, आणि त्यानंतर नेटवर्किंग बंद, असा क्रम दिसला पाहिजे. वेगळा दिसला तर ज्या दोन ओळी उलट पडल्यात त्या इथे टाका. कुणाच्या यूनिटमध्ये आफ्टर राहिलंय ते त्यावरून सांगता येईल.